शोकसभेला जोडूनच रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सर महामार्गालगतच्या एका तालुक्याच्या गावात शिक्षक आहेत. गेल्या महिन्यात रात्रीच्या नाकाबंदीवर असताना ट्रकच्या धडकेत तिथल्या पोलीस ठाण्याचे एक हवालदार आणि एक शिपाई गेले. ठाण्याने शाळेच्या पटांगणात शोकसभा आणि लगेच त्याच मांडवात ‘रस्ता सुरक्षा जनजागृती’ असं एकत्र ठरवलंय. हेल्मेटवर भाषण आणि काही हेल्मेटचं वाटपही आहे. सभेचं निवेदन या सरांकडे आलंय, आणि हवालदारांची मुलगी त्यांच्याच शाळेत आठवीत शिकते. गावात दोन प्रकारचे बोल ऐकू येतायत. एक, ‘माणसं गेली आणि यांना फोटो काढायचे सुचतायत.’ दुसरा, ‘रात्री-अपरात्री ट्रक अडवायला यांना सांगितलं होतं कुणी?’ सरांचं विचारणं एवढंच की हे दोन्ही एकत्र करणं बरं दिसतं का, आणि करायचंच झालं तर कसं.

मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा भाग वाहतूक शाखेत आणि महामार्गावर गेला, शेवटची वर्षं मुख्यालयात. त्यामुळे शोकपरेड, शोकसभा आणि जनजागृती सप्ताह या तिन्हींची तयारी करायची पाळी माझ्यावर वारंवार आली आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

सर, शोक आणि सुरक्षेचं आवाहन एकत्र यायला माझी हरकत नाही. तुमच्या कार्यक्रमात खटकतंय ते हेल्मेट. दोघं पायी उभे होते, रात्रीची वेळ, मागून ट्रक आला. यात हेल्मेटचा संबंध कुठे आला? जनजागृतीचं एक तयार भाषण प्रत्येक ठाण्यात असतं. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान आलं की ते निघतं, कॉलेजात गेलं की तेच निघतं, गणेश मंडळाच्या बैठकीत दोन वाक्यं बदलून तेच. हे भाषण हार घातलेल्या दोन फोटोंसमोर वाचलं की ऐकणाऱ्याला कळतं, मरणाच्या निमित्ताने ठरलेलं काम उरकून घेतलं जातंय. गावकऱ्यांना आलेली शंका बरोबर आहे.

पण ते दोघं ज्या कारणाने गेले त्याच कारणावर कुणी नेमकं बोललं, तर तेच गावकरी मान खाली घालून ऐकतील. वाडीत कुणी विहिरीत पडून गेलं तर तेराव्याच्या आधीच कठडा बांधायची गोष्ट निघते, आणि ती काढणाऱ्याला कुणी निर्दय म्हणत नाही. माझ्या लेखी कसोटी ही एवढीच: मरणाचं कारण आणि आवाहनाचा विषय एक आहे का?

हेल्मेटचं बोलणं जिथे शोभलं असतं असा प्रसंगही आपल्याकडे घडलेला आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक शाखेचे हवालदार विलास शिंदे यांनी एका अल्पवयीन मुलाला विनाहेल्मेट दुचाकी चालवताना अडवलं. मुलाने भावाला बोलावलं, शिंदेंच्या डोक्यात काठीचा घाव बसला आणि ३१ ऑगस्टला रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या शोकसभेत कुणी पालकांना ‘मुलाच्या हातात गाडीची चावी देताना विचार करा’ म्हटलं असतं, तर ते अगदी जागेवरचं बोलणं ठरलं असतं. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. तिथे हा विषय मरणातूनच निघालेला होता. तुमच्याकडे तसं नाही.

आता क्रमाबद्दल. आमच्या खात्यात शोकाचा मुख्य दिवस २१ ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली या तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैनिकांच्या हल्ल्यात दहा पोलीस मारले गेले. त्या काळी तिथल्या सीमेवर पोलीसच असत, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं. त्यांच्या आठवणीत दर वर्षी देशभर परेड होते. आदल्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर गेलेल्या देशातल्या सगळ्या पोलिसांची नावं वाचली जातात, राज्यावार, हुद्द्यासह. जवान ‘शोक शस्त्र’ करतात, म्हणजे रायफलीची नळी जमिनीकडे आणि मान खाली. बिगुल वाजतो, हवेत फैरी झाडल्या जातात. नावं वाचायला बराच वेळ जातो. उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या नव्या रिक्रूटला भोवळही येते, पण यादी मध्ये तोडत नाहीत. आणि त्या परेडमध्ये जनतेला उपदेश नसतो. सायबर फसवणुकीपासून सावध राहा, सीटबेल्ट लावा, असलं काही त्या मैदानावर निघत नाही. कुठलं आवाहन करायचं तर ते नंतर, वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या दिवशी होतं.

तुम्हीही तेच करा असं मी सुचवेन. शोकसभा आधी आणि ती पूर्ण होऊ द्या. सुरक्षेची बैठक दोन-चार दिवसांनी, संध्याकाळी, ग्रामपंचायतीत किंवा थेट त्या रस्त्याजवळच्या एखाद्या ढाब्याच्या अंगणात घ्या. ठाण्याला एकाच दिवशी उरकायचंच असेल, आणि बंदोबस्ताच्या रेट्यात ते होतं, तर मध्ये स्पष्ट खंड ठेवा. शोकसभा संपली असं जाहीर करा, घरच्यांना निघायला वाट द्या, चहा होऊ द्या, मग दुसरी बैठक. फोटोंसमोर वाटप नको. हेल्मेट वाटायची असतील तर ती जानेवारीत वाटावीत, कुणाचं काही बिघडत नाही.

हे सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्हाला माहीत आहेत, मला नाहीत.

पहिलं म्हणजे घरचे काय म्हणतात. त्यांच्याकडे ठाण्यातून कुणी तरी गेलं असेलच, पण बहुतेक वेळा साहेब जातात तेव्हा समोरचा माणूस ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतो. त्याला संमती समजू नये. हवालदारांच्या बरोबर एकाच ठाण्यात वर्षानुवर्षं राहिलेलं एखादं कुटुंब क्वार्टरमध्ये असेल, त्यातल्या वहिनींना जाऊ द्या. शिपायाच्या आई-वडिलांचं वेगळं विचारा. दोन घरांची मतं वेगळी असू शकतात, आणि हवालदारांकडच्यांनी होकार दिला म्हणून शिपायाकडच्यांचा होकार धरू नये. या दिवसांत घरात पेन्शनचे कागद, अनुकंपाचा अर्ज, क्वार्टर किती दिवस ठेवता येईल, असल्या चिंता चालू असतात. तुमच्या सभेपेक्षा त्यांना त्या कागदांवर सही करायला मदत करणारा माणूस जास्त हवा असतो.

दुसरं, ट्रकचालक कोण आहे. तो परमुलखातला असेल तर एक गोष्ट, आणि पंचक्रोशीतला असेल तर वेगळी. गावातलाच किंवा शेजारच्या गावातला असेल तर त्याचे नातेवाईकही सभेला येणार, किंवा न येऊन घरात बसणार. गुन्हा निष्काळजीपणाचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चा, की जाणूनबुजून अंगावर घातल्याचा, म्हणजे खुनाचा, हे तपासातून ठरतं. तोपर्यंत व्यासपीठावरून ‘चिरडलं’, ‘बळी घेतला’ असे शब्द येऊ देऊ नका. ‘ट्रकच्या धडकेत गेले’ एवढं पुरे. निवेदकाच्या तोंडचं वाक्य दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं आणि मग आरोपीचा वकील ते कात्रण सांभाळून ठेवतो.

तिसरं, ठाणं आणि गाव यांचं आधीपासून कसं आहे. हे फार महत्त्वाचं, आणि एका सभेने ते बदलत नाही. भिवंडीचं उदाहरण देतो. १९८४ च्या दंगलीत ते शहर होरपळलं होतं. १९८८ नंतर तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसं आणि बीटचे, म्हणजे त्या-त्या भागाचे, पोलीस एकत्र बसून बारीकसारीक तंटे तिथल्या तिथे मिटवत. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. त्याच भिवंडीत जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळ पोलीस ठाणं बांधण्याच्या वादातून दंगा झाला, पोलीस गोळीबारात दोन नागरिक गेले आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना शोक असतो, आणि ‘चला, एकत्र येऊ’ म्हणून चार दिवसांत मांडव घालणं हा आगीशी खेळ होतो. तिथे आधी महिनोन् महिने शांतपणे घरोघरी जावं लागतं. तुमच्याकडे असं काही नाही असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. पण ठाण्याच्या मागच्या कुठल्या कारवाईचा राग गावात धुमसत असेल तर तो आधी पोलीस पाटलांना विचारून घ्या.

एवढं धरून पुढे जाऊ. कारणावरच बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं?

‘रात्री ट्रक अडवायला सांगितलं कुणी’ या बोलाला उत्तर द्यावंच लागेल, आणि ते साहेबांनी द्यावं, तुम्ही नव्हे. नाकाबंदी कशासाठी असते हे लोकांना खरंच माहीत नसतं. पावती फाडायला उभे राहतात एवढाच समज. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदी होती म्हणूनच कसाब जिवंत हाती लागला, आणि हातात फक्त लाठी असलेल्या तुकाराम ओंबळेंनी त्याची बंदूक धरून ठेवली म्हणून बाकीचे वाचले. रोजच्या नाकाबंदीत असं काही घडत नाही, पण चोरीची गाडी, जनावरांची चोरटी वाहतूक, दारू पिऊन चालवणारा, पळवून नेलेली पोर, हे सगळं तिथेच सापडतं. आपल्या तालुक्यात गेल्या काही महिन्यांत नाकाबंदीत काय काय मिळालं ते साहेबांनी ठाण्याच्या नोंदीवरून सांगावं. गावातल्या कुणाची चोरीला गेलेली मोटारसायकल त्यात सापडली असेल तर त्याचा मालक सभेत बसलेला असेलच.

पण एवढ्यावर साहेबांचं उत्तर संपू नये. नाकाबंदी आवश्यक होती हे पटलं तरी ती नीट लावली होती का, हा प्रश्न राहतो. मला विचाराल तर इथेच बहुतेक शोकसभा पोकळ होतात, कारण खातं जनतेला काय करा ते सांगतं आणि स्वतः काय करणार ते सांगत नाही.

थोडं खोलात सांगतो. ताशी ८० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला साधारण २२ मीटर जातो. चालकाला काही दिसलं, डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३३ मीटर गेले. भरलेला ट्रक थांबायला त्यापुढे आणखी बरंच अंतर लागतं. डिपरच्या उजेडात खाकीतला माणूस मात्र जेमतेम तीस-चाळीस मीटरवर दिसतो. म्हणजे त्याला पोलीस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पहिला ब्लिंकर आणि फलक नाकाबंदीच्या खूप आधी लागतो, मग गती कमी करणारे बॅरिकेड एकाआड एक, आणि मग माणसं. वळणाच्या किंवा पुलाच्या पलीकडे लगेच बॅरिकेड लावायचे नसतात. कागद तपासायला उभं राहायचं ते बॅरिकेडच्या आडोशाला, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. आणि पळणाऱ्या गाडीच्या आडवं जायचं नाही. नंबर, रंग, दिशा पाहायची आणि वायरलेसवर पुढच्या पॉइंटला द्यायची. हे माझ्या हाताखालच्या मुलांना मी हजेरीत इतक्यांदा सांगितलंय की ते माझी नक्कल करायचे.

प्रत्यक्षात काय दिसतं? रिफ्लेक्टर जॅकेट धुऊन धुऊन पांढरं पडलेलं असतं, रात्री ते चमकत नाही. ब्लिंकरची बॅटरी संपलेली. बॅरिकेड कुणी तरी देणगी म्हणून दिलेलं, त्यावर चमकणाऱ्या पट्टीच्या जागी देणगीदाराच्या दुकानाची भलीमोठी जाहिरात. तुमच्या ठाण्याचं असंच होतं असं मी म्हणत नाही, ते चौकशीतून कळेल. पण साहेब उभे राहून एवढं म्हणाले की ‘आजपासून या रस्त्यावर ब्लिंकर लागल्याशिवाय आणि जॅकेट घातल्याशिवाय आमचा माणूस रस्त्यावर उतरणार नाही, आणि पॉइंट वळणापासून लांब हलवलाय’, तर गावाचा सूर बदलेल. खात्यात असं घडतं. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत कोरोनाने लागोपाठ काही पोलीस गेले, तेव्हा पंचावन्न वर्षांवरच्यांना घरीच थांबायला सांगितलं गेलं. त्याच पोलिसांनी लोकांना ‘घरात राहा’ म्हटलं तेव्हा त्या म्हणण्याला वजन होतं, कारण आपल्या माणसांच्या मरणातून खात्याने आधी स्वतःपुरता काही निर्णय घेतलेला दिसत होता.

साहेब असं जाहीर बोलतील का? काही बोलतात, काही वरिष्ठांना विचारतो म्हणतात आणि विषय तिथेच मरतो. चौकशी चालू असताना ‘आमचं चुकलं’ असं ते म्हणणार नाहीत आणि म्हणूही नये. पण पुढे काय करणार हे सांगायला चौकशी आड येत नाही. तुम्ही भेटाल तेव्हा हा फरक त्यांच्यासमोर मांडा.

गावाच्या बाजूने मागायचं तेही याच रस्त्याचं असावं. आता गळीत हंगाम येईल. उसाच्या ट्रॉल्या रात्री कडेला उभ्या राहतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पोलीस ट्रकखाली गेला तसा उद्या गावातला पोरगा ट्रॉलीखाली जाईल. ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना चमकणारी पट्टी लावायचं काम तुमची नववी-दहावीची मुलं साखर कारखान्याच्या गेटवर एका दुपारी करू शकतात, पट्ट्या कारखाना देईल. ढाबेवाले, पंक्चरवाले, पेट्रोल पंपावरचे लोक यांना प्रथमोपचार शिकवायची महामार्ग पोलिसांची ‘मृत्युंजय दूत’ ही योजना मार्च २०२१ पासून आहे. तुमच्या रस्त्यावर असे दूत आहेत का ते विचारा, नसतील तर नावं द्या. जखमीला दवाखान्यात नेलं तर पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती अजून गेलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. हे साहेबांनी स्वतःच्या तोंडाने, गणवेशात, सांगावं. ११२ आणि १०८ हे दोन क्रमांक तर ढाब्याच्या भिंतीवर रंगवूनच टाका.

अपघातानंतर त्या दोघांना पहिल्यांदा कुणी उचललं? कुणी तरी ढाबेवाला किंवा दुसरा ट्रकवाला असेल. त्याला शोधा आणि दुसऱ्या बैठकीत त्याला बोलू द्या. साहेबांपेक्षा त्याचं लोक ऐकतील. मात्र शोकसभेत त्याला ‘काय पाहिलंत’ असं विचारू नका, घरचे समोर बसलेले असतात.

आता तुमच्या निवेदनाचं. परेडची नक्कल शाळेत करू नका. शोक शस्त्र, फैरी, बिगुल हे खात्याचं आहे, ते त्यांच्या मैदानावर झालेलं असेल. तुम्ही पूर्ण नाव, हुद्दा आणि ते कुठल्या बीटला होते ते सांगा. ‘कर्तव्यदक्ष’, ‘मनमिळाऊ’ ही विशेषणं प्रत्येक शोकसंदेशात असतात, त्यांच्याऐवजी बीटमधल्या दोन गावकऱ्यांना दोन-दोन मिनिटं द्या. हवालदार यात्रेच्या बंदोबस्तात हरवलेलं पोर खांद्यावर घेऊन फिरला, शिपायाने कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात पोचवलं, असं काही ना काही निघतंच. शिपायाबद्दल कमी निघेल, तो नवा असणार. मग त्याच्या गावाहून, त्याच्या तालमीतून किंवा भरतीच्या अकादमीतून कुणाला तरी बोलवा, नाहीतर हवालदारांवर वीस मिनिटं आणि त्याच्यावर दोन असं होतं, आणि त्याचे आई-वडील तिथेच बसलेले असतात. मागच्या फलकावर दोघांचे फोटो एकाच मापाचे असावेत, पुढाऱ्यांचे फोटो आणि ‘सौजन्य’ नको. आमदार आले तर खुर्चीवर बसतील, फूल वाहतील. बोलायचा आग्रह झालाच तर शेवटी नव्हे, मध्ये बोलवा, म्हणजे त्यांना वेळ पाळावी लागते.

दोन मिनिटांचं मौन मुलांना जड जातं. पाचवीपर्यंतची मुलं आणूच नका. आठवीचा वर्ग पुढे बसवू नका.

त्या मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं प्रश्न विचारायचं तेच कारण आहे. तिला व्यासपीठावर बोलवू नका, तिच्या हातून दीप लावून घेऊ नका, ‘वडिलांसारखी पोलीस होणार का’ असं तर कुणालाही विचारू देऊ नका. असा प्रश्न विचारणारे निघतात, आणि मुलगी घाबरून हो म्हणते, मग ते छापून येतं. ती आली तर आईजवळ बसेल, नाही आली तर नाही आली. रस्ता सुरक्षेची चित्रकला स्पर्धा वगैरे तुमच्या शाळेत ठरली असेल तर ती यंदा नको. तिच्या वर्गातली पोरं ट्रकची आणि पोलिसांची चित्रं काढतील आणि ती भिंतीवर लागतील, आणि ती रोज त्या भिंतीजवळून जाईल.

साहेबांना भेटायला एकटे जाऊ नका. मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील यांना बरोबर घ्या, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी ते तुमचं अर्धंच ऐकतील. हेल्मेटचं वाटप पुढे ढकला असं तोंडावर म्हणण्यापेक्षा ‘सभा दोन दिवसांत विभागू, दुसऱ्या दिवसाची जबाबदारी शाळा घेते’ असं म्हणा. काम कुणी अंगावर घेतंय म्हटल्यावर ठाण्यातून सहसा नाही म्हणत नाहीत.